अर्थ सांगणाऱ्याची जागा

थांबा ताई, ते कुकर बंद करून येते, न्हायतर आमची अव्वा तितनंच वरडंल की एवढं कालेज शिकली पर शिट्टी झालेली ऐकू येत न्हाय म्हनून. हां, इचारा आता. माजं नाव महानंदा, म्हाईर तामलवाडीच्या अंगाचं, अन् दिलं हिकडं लोहाऱ्याजवळ, म्हंजी जिल्हा एकच पर ह्या टोकाचं त्या टोकाला. वडलांचं गावात किराण्याचं दुकान, अन् दुकान बंद केलं की म्हादेवाचं देऊळ, तिसरी वाट त्यांना म्हाईत न्हवती. श्रावणात देवळात पोथी लागायची. आता तुमाला म्हाईत असंल-नसंल, आमच्याकडं पोथीला दोन मान्सं लागत्यात, एकानं वाचायचं अन् दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचनारा ओवी सुरात म्हनतो, म्हनून झाली की थांबतो, डाव्या अंगाला बगतो, तितं अर्थ सांगनारा बसलेला असतो, तो सांगतो की हां तर मंडळी, म्हंजी असं असं झालं, अन् सांगून झालं की मान हलिवतो, मंग वाचनाऱ्यानं म्होरची ओवी धरायची. हे असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

मी चौथीला असताना वाचनाऱ्या मास्तरांचा घसा बसला अन् वडलांनी मला पाटावर बसिवलं. आवाज चांगला व्हता, वाचनात अडखळत न्हवते, सगळं देऊळ म्हनलं काय वाचती पोरगी, अन् तवापासनं पोथी म्हनली की मीच. एकदा मधीच मला एक शबुद अडला, म्या वडलांना इचारलं बाबा ह्याचा अर्थ काय, तर त्यांनी डोळे वटारले. घरी आल्यावर म्हनले, वाचनाऱ्यानं वाचावं, सांगनाऱ्यानं सांगावं, एकमेकाच्या कामात जीभ घालू न्हाय. वडलांनी चांगल्या मनानंच सांगितलं असंल, त्यांना बी कुनी तरी तसंच सांगितलेलं. पर ताई, ह्या एका वाक्यानं माजं पुढं जे वाटोळं झालं ना, ते काय सांगू तुमाला.

धाव्वी झाली अन् लग्न झालं. मालकांचं लोहाऱ्यात भुसार मालाचं दुकान, घर गावात, घरात सासू, म्हंजी ही अव्वा. अव्वाचं म्हाईर कानडी मुलखातलं, राग आला की कानडी बोलती, अन् राग सदाच आलेला. सासरच्या देवळात बी पोथी व्हतीच. तितं अर्थ सांगायला शिद्रामप्पा, तवा पन पांढऱ्या मिशांचे अन् आता तर पिकलं पान. मी वाचायची, अप्पा सांगायचे. शेजारच्या गावातनं मान्सं यायची ऐकायला. महानंदाचं वाचन म्हनून नाव झालं. मालक पन कुनी दुकानात आलं की सांगायचे, आमच्या घरात सरस्वती हाय. तोंडावर न्हाय सांगितलं कवा, लोकांना सांगायचे.

मंग अंगनवाडीत सेविका म्हनून लागले, सतरा नंबरचा फारम भरून भाईरनं बारावी केली, कशी केली ते इचारू नका, झाली. अन् तितं कळलं की सुपरवायझर व्हायचं तर पदवी पायजे. म्या म्हनलं, जिला सगळा तालुका वाचनारी म्हनून वळखतो तिला बी.ए. काय जड हाय का. चाळिशीला टेकले असताना लोहाऱ्याच्या कालेजात नाव घातलं. माजी लेक पल्लवी त्याच कालेजात अकरावी सायन्सला, तिनं पयल्याच दिवशी हात जोडले, आई, जिन्यात भेटलीस तर हाक मारू नको. अव्वा तर आठ दिस बोलली न्हाय. अन् बोलली तवा म्हनली, आता ह्या घरात भाकरी कोन थापायची, तुजा प्राध्यापक का?

आता अभ्यासाचं ऐका. पुस्तक आनलं राज्यशास्त्राचं. मला एकच रीत म्हाईत, पयल्या पानापासनं शेवटच्या पानापरेंत वाचायचं, मधी उठायचं न्हाय, मधी बोलायचं न्हाय, झालं की पुस्तकाला नमस्कार करून ठिवायचं. अशी म्या त्या पुस्तकाची पारायनं केली. पल्लवी इचारायची आई, झालं का, मी म्हनायची हां, झालं परत एकदा. अन् पेपरात प्रश्न बगितला तर काय, पुस्तकातलं पान डोळ्याम्होरं दिसायचं, सूर बी कानात यायचा, पर त्या पानात काय व्हतं म्हनलं तर कोरं. म्या म्हनलं हे काय भूत लागलं.

मंग जो तो शानपन शिकवायला लागला. वर्गातली पोरं म्हनली मावशी, महत्त्वाचं तेवढं पेन्सिलीनं अंडरलाईन करा. म्या केलं. आता मला सांगा, पोथीत कुठली ओवी बिनमहत्त्वाची असती का? म्या सगळंच अंडरलाईन केलं. पल्लवीनं पुस्तक बगितलं अन् म्हनली आई, तू आखीव वही केलीस पुस्तकाची. मंग कुनी म्हनलं नोट्स काढा, तर म्या आख्खा धडा वळणदार अक्षरात उतरून काढला, बोटाला घट्टा पडला, डोस्क्यात काय न्हाय. मंग पल्लवीनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले, अभ्यास कसा करावा. एक दाढीवाला पोरगा सांगायला लागला की पहाटे चार वाजता उठा, मोबाईल लांब ठिवा. अरं बाबा, मोबाईल लांब ठिवला तर तू दिसशील कसा? अन् पहाटे चारला मी उठते की, तुजी आई बी उठत असंल, पर ती पानी भराया, अभ्यासाला न्हाय. त्याचं ऐकून एक दिस उठून बसले तर अव्वानं अंथरुनातनं हाक दिली, उठलीच हाईस तर चुलीवर पानी ठिव.

शेवटी गाईड आनलं. गाईडातली उत्तरं म्या घडाघडा पाठ केली, पाठांतराला मी कवा हारत न्हाय. पेपरात प्रश्न आला जरा फिरवून. माज्या तोंडात पाठ उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, ते सुरू झालं ते झालंच, मधी थांबायची सवयच न्हाय मला, म्या ते शेवटापरेंत लिहिलं, खाली रेघ मारली, अन् नापास. बाकीचे इषय कसेबसे निघाले, पर राज्यशास्त्राचा तो पेपर एकदा ऱ्हायला, परत दिला, परत ऱ्हायला. गावात बोलाबाली. पोथी वाचनारीला पुस्तक वाचता येईना, म्हंजी बगा. मालक आजवर काय बोलले न्हवते, पर त्या दिवशी जेवता जेवता म्हनले, ह्या खेपेला निघाला तर निघाला, न्हायतर ते दप्तर माळ्यावर टाक, मला दुकानात लोक इचारत्यात, मी काय सांगू. म्या म्हनले बरं. पर आतनं जीव तुटला ताई. सुपरवायझर न्हाय झाले तर अंगनवाडी काय पळून जात न्हाय. पर आयुष्यभर एकच गोष्ट येती म्हनून मिरवली, अन् तीच येत न्हाय म्हनल्यावर मान्सानं कुठं बगावं?

आता कालेजात एक मॅडम हायत, राज्यशास्त्राच्या, माज्यापरीस धाकट्या, पर मला अहो-जाहो करत्यात. त्या एक दिवशी म्हनल्या महानंदाताई, तुमी वाचा मोठ्यानं हा उतारा. सार्वभौमत्वाचा धडा व्हता. म्या उभं ऱ्हाऊन वाचला. सुरात न्हाय बरं का, साधाच, पर आवाज तो आवाज. मागच्या बाकावरची पोरं मोबाईल ठिवून ऐकायला लागली. उतारा सपला, मी थांबले, अन् काय केलं असंल? डाव्या अंगाला बगितलं. तितं भिंत. भिंतीवर पंख्याचं बटन. मी आपली बटनाकडं बगत उभी. मॅडम म्हनल्या काय झालं, म्या म्हनले काय न्हाय, झालं वाचून. मॅडम म्हनल्या छान वाचलंत, आता सांगा बरं, काय वाचलं? अन् ताई, खरं सांगते, मी परत डावीकडंच बगितलं. सगळा वर्ग हसला. म्या बी हसल्यावानी केलं अन् खाली बसले.

घरी येताना जीपमधी दाटीवाटीनं बसले व्हते, मांडीवर कुनाची तरी भाजीची पिशवी, अन् तितं मला कळलं. की मी शिद्रामप्पांना हुडकत व्हते. म्हंजी आजवर मी कवाच काय समजून घेतलं न्हवतं, त्याची मला गरजच पडली न्हवती, माजं काम ओवीच्या शेवटाला सपायचं. समजायचं काम दुसऱ्याचं. अन् कालेजात दुसरा कुनी बसवलेलाच न्हाय. मला असा राग आला, वडलांचा आला, माजा आला, त्या पिशवीवाल्याचा बी आला, म्या त्याला म्हनलं धर तुजी पिशवी.

आता अव्वाचं. उन्हाळ्याचे दिस, अव्वा सोप्यात तुरी निवडत बसलेली, मी खांबाला टेकून पुस्तक घिऊन. मनातल्या मनात वाचायची सवय लावा असं मॅडमनी सांगितलेलं. अव्वा म्हनली काय मुक्यावानी ओठ हलिवतीस, मोठ्यानं वाच, मला करमत न्हाय. म्या म्हनले अव्वा ही पोथी न्हवं. ती म्हनली पुस्तक हाय ना, वाच. मंग काय, वाचला एक उतारा. थांबले. अव्वानं सुपातनं मान वर केली अन् म्हनली, हां, अर्थ? म्या म्हनले कालेजच्या पुस्तकाला अर्थ सांगनारा नसतो. तर अव्वा सूप खाली ठिवून म्हनली, मंग मिट ते. अर्थाबिगर वाचलं तर दोष लागतो, माज्या घरात नको. आता हिला काय सांगावं! म्या वैतागून म्हनले बरं सांगते, राज्याला चार गोष्टी लागत्यात, मान्सं लागत्यात, जमीन लागती, सरकार लागतं अन् सार्वभौमत्व लागतं. झालं समाधान? म्हातारी म्हनली, हंगंद्र एनु? कानडीत म्हंजी, म्हंजी काय?

पुस्तकात त्याची व्याख्या व्हती, ती म्या वाचली, तर परत हंगंद्र एनु. दुसऱ्या पानावरची वाचली, परत तेच. मला इतका वैताग आला की पुस्तक बाजूला टाकून म्या म्हनले, अव्वा, ज्याचा शबुद शेवटचा, ज्याच्या वर दुसरं कुनी न्हाय, ते सार्वभौम. अव्वानं इचार केला. म्हनली म्हंजी ह्या घरात मी. म्या म्हनले व्हय, तुमीच. तर म्हनली, मंग कालेजचा फारम भरताना मला का इचारलं न्हाय? म्या म्हनले तवा सत्तांतर झालं व्हतं अव्वा. तिला सत्तांतर म्हंजी काय ते सांगावं लागलं. अन् ते ऐकून ती जी चिडली, ती रात्रीच्या भाकरीपरेंत बोलली न्हाय. पर मी चुलीम्होरं बसून बगते तर काय, तो धडा माज्या डोस्क्यात जसाच्या तसा बसलेला. पान न्हवतं दिसत, सूर न्हवता, नुसती गोष्ट व्हती, अन् ती माजी मला सांगता येत व्हती.

मंग रोजचंच झालं. मी वाचायची, अव्वा इचारायची. तुमाला वाटंल किती छान, सासू-सुना बसल्यात. छान न्हवतं काय. तिला काल सांगितलेलं आज आठवत न्हाय. मी म्हनायची अव्वा, हे काल सांगितलं की, तर म्हनायची काल सांगितलंस, म्या कुठं न्हाय म्हनले, आज सांग. परत सांगायचं. अन् रोज रोज लांबड कोन लावनार, म्हनून आपोआप थोडक्यात सांगायला लागले. लांब सांगितलं की ती जांभई द्यायची, अन् चुकीचं सांगितलं की तिला वळखू यायचं न्हाय पर मला यायचं, कारन पुढच्या प्रश्नाला माजीच गाडी रुतायची. एकदा म्हनली, सरपंच आमी निवडला, मला आठवतंय, बोटाला शाई लागली. पर पंतप्रधान कोन निवडतंय, मला तर कुनी इचारलं न्हाय. म्या सांगितलं तुमी खासदाराला निवडता अन् खासदार त्यांना. तर म्हनली, अन् खासदारानं वाटंतच पक्ष बदलला तर माज्या मताचं काय झालं? आता हे मला कुठं म्हाईत. म्या म्हनले पुस्तकात न्हाय ते. ती म्हनली मंग असलं कसलं पुस्तक.

दुसऱ्या दिवशी म्या मॅडमना इचारलं. मॅडम म्हनल्या हे कुठून सुचलं तुमाला, म्या म्हनले सुचलं न्हाय, घरी छळ हाय. त्या हसल्या अन् मला लायब्ररीत घिऊन गेल्या, तितनं दुसरं पुस्तक काढून दिलं, त्यात त्याचा कायदा व्हता. मी आजवर लायब्ररीत नुसती कार्डावर सही करायला गेलेली. आता दर आठवड्याला जायला लागले, कारन म्हातारीचं पोट भरंना. एक पुस्तक दिलं की ती तीन भोकं पाडायची त्याला. अन् म्या आख्खं पुस्तक वाचायचं सोडलं. आदी अव्वा काय इचारंल ते मनात धरायचं, मंग तेवढं हुडकायचं, मंग त्याच्या आगंमागं वाचायचं. पेन्सिल हातात घेतली तरी पानात एखादीच रेघ पडायला लागली. ही रीत मला कुनी शिकिवली न्हाय, वैतागानं शिकिवली.

परीक्षा झाली. प्रश्न ह्या खेपेला बी फिरवूनच आलेला, पर फिरवलेला काय अन् सरळ काय, अव्वा कवा सरळ इचारती का? म्या आपलं अव्वा सुपाम्होरं बसल्यागत धरलं अन् लिवत गेले. लिवताना तोंडानं पुटपुटायला लागले, तर वर्गावर पहारा देनारे सर जवळ येऊन म्हनले बाई, मनात बोला, पलीकडचा पोरगा तुमचं ऐकून लिवायला लागलाय. निकाल पल्लवीनं मोबाईलवर बगितला. आई, निघाला, म्हनून वरडली अन् गळ्यात पडली, जिन्यात वळख न दावनारी. मालकांनी नुसतं निघाला म्हना की, एवढंच म्हनलं अन् दुकानात जाऊन पेढे वाटले, अन् लोकांना काय सांगितलं तर इतकी वर्सं पोथी वाचली त्याचं पुन्य कामाला आलं. ऐका! पोथीपायीच तर तो पेपर बुडत व्हता. म्हादेवानं हाल तिकीट घिऊन पेपर लिवला जनू. म्या म्हनले जाऊ द्या, पेढे तर घरचे हायत.

पर खरं दुखनं पुढंच हाय. ह्या श्रावणात पोथी लागली. पाट, समई, मी वाचायला, डाव्या अंगाला शिद्रामप्पा, म्होरं गाव. पयली ओवी वाचली, थांबले, डावीकडं बगितलं. अप्पा म्हनले, हां तर मंडळी, म्हंजी बायकांनी नवऱ्याच्या आज्ञेत ऱ्हावं. बायकांनी माना डोलावल्या. अन् मी तितंच अडकले. कारन माज्या डोस्क्याला आता खोड लागलेली, वाचलं की ते आपनहून इचारतं म्हंजी काय, अन् त्या ओवीत नवरा बी न्हवता अन् आज्ञा बी न्हवती. एका बाईच्या दारात उपाशी मानूस आला अन् तिनं देवाचा निवद बाजूला ठिवून आदी त्याला वाढलं, एवढंच व्हतं. म्हनलं आपन चुकीचं ऐकलं असंल. दुसरी ओवी वाचली. अप्पा म्हनले, म्हंजी नवऱ्याच्या आज्ञेत ऱ्हावं. तिसरीला बी तेच. ताई, इतकी वर्सं मी गळा फोडून वाचत व्हते, अन् कुठल्या बी ओवीला हा मानूस एकच अर्थ सांगत व्हता. अन् मला ते आज कळत व्हतं!

माजा सूर बसला. चौथी ओवी तोंडातनं निघंना. अप्पा मान हलिवत्यात, म्होरं चल, म्होरं चल. देवळात मधी बोलायचं न्हाय, वडलांचा तो शबुद घशात आडवा. तेवढ्यात बायकांतनं आवाज आला, हंगंद्र एनु? आमची अव्वा. घरची सवय ती, देवळात बी सुटली. सगळ्यांनी वळून बगितलं. अप्पा म्हनले म्हंजी नवऱ्याच्या आज्ञेत. अव्वा म्हनली ते न्हवं. तिनं वाचलं ते म्हंजी काय? महानंदा, तू सांग. मला दरदरून घाम फुटला. परीक्षेला न्हवता फुटला एवढा. पर सांगितलं. म्हनले, दारात उपाशी मानूस आला तर देव थांबतो, मान्साला थांबवू न्हाय. एवढंच. कुनीतरी खोकलं, अन् मी म्होरची ओवी धरली.

दुसऱ्या दिवशी अप्पांचा निरोप, गुडघा दुखतोय, येनार न्हाय. वाचायचं बी मीच, सांगायचं बी मीच, अन् देवळात कुजबुज की म्हाताऱ्याचा अपमान केला कालेजवालीनं. डाव्या अंगाची ती जागा रिकामी बगून मला वाचवंना. चिडूनच गेले अप्पांच्या घरी. म्हनले अप्पा, गुडघ्याचं नाव सांगू नका, राग आला असंल तर शिव्या द्या. अप्पा नुसतं बगत बसले. म्या परत मोठ्यानं म्हनले. परत बगत बसले. मंग त्यांची सून म्हनली जवळ जाऊन बोला, त्यांना ऐकू येत न्हाय. म्या म्हनले कवापासनं, तर म्हनली लई वर्सं झाली की. अप्पांच्या कानाशी तोंड नेलं तवा ते म्हनले, महानंदा, तू काय वाचतीस ते मला कवाच ऐकू येत न्हाय गं. तू थांबलीस की कळतं, हिकडं बगितलंस की कळतं, मंग म्या आपलं सांगायचं. देवळात बायका जास्त येत्यात म्हनून त्यांच्या उपेगाचं सांगतो. मंडळी माना डोलावत्यात, म्हनलं बरोबरच असंल.

बायकांच्या उपेगाचं! कपाळ बडवून घ्यावं वाटलं. म्हंजी मी न समजता वाचत व्हते, अप्पा न ऐकता सांगत व्हते, अन् गाव माना डोलवत व्हतं, अन् तिघांचं बी छान चाललं व्हतं. पर म्हाताऱ्याचे डोळे भरले व्हते ताई. म्हनले, आता कशाला येऊ, जागा गेली माजी. म्या म्हनले जागा कुठं जात न्हाय, तुमी उठा आदी. मंग मी दोपारी त्यांना घरी बोलवायला लागले, संध्याकाळची ओवी कानाशी वाचायची, अर्थ सांगायची, अन् देवळात ते तेच सांगायचे. कवा कवा बरोबर सांगायचे.

श्रावण सपला, पर अप्पांना सवय लागली. आता दोपारी काठी टेकत येत्यात अन् ओट्यावर डाव्या अंगाला बसत्यात, तिकडं अव्वा सूप घिऊन, मधी मी सेकंड इयरचं पुस्तक घिऊन. मला सांगा, ह्यात अभ्यास कवा व्हायचा? अंगनवाडीची पोरं परवडली. कालचंच सांगते. केंद्र अन् राज्य ह्यांच्यातली अधिकारांची वाटनी, हा धडा. म्या अप्पांच्या कानाशी वाचला, थांबले, अन् अप्पा मिशीवर हात फिरवून म्हनले, हां तर मंडळी, म्हंजी सुनेनं सासरी नमून नांदावं. अव्वा वरडली ते न्हवं! अप्पा म्हनले तेच हाय. अव्वा म्हनली बहिऱ्या, तुला काय कळतंय, अन् सुपातल्या तुरी उडाल्या. दोघांची जुंपली, शेजारीन भिंतीवरनं बगायला लागली, माजं डोस्कं फिरलं. म्या वरडून म्हनले गप बसा दोघं बी, अन् एका दमात सांगितलं, कुठलं काम केंद्राचं, कुठलं राज्याचं, कुठलं दोघांचं, भांडन झालं तर निवाडा कोन करतंय, सगळं. दारात मालक उभे, चहाला आलेले, ते बी ऐकत ऱ्हायले.

बोलून झाले अन् खाली बगितलं तर पुस्तक मांडीवर मिटलेलं, पानात बोट बी न्हवतं.

अप्पांना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नसंल, पर त्यांनी मान हलिवली, म्हंजी म्होरं वाच. व्हय, येते अव्वा, आले! बगा, हाक आलीच. अप्पा यायची येळ झाली. म्हादेव त्यांना माज्या डाव्या अंगाला असंच बसतं ठिवो, खुशाल चुकीचं सांगू द्या, निदान माजी पदवी हातात पडंस्तवर तरी.